डब्याचा ब्रेक

सोमवार, १०

चाकं जाम! जीपला डबा जोडला, प्लग खोचला, ह्यांनी गियर टाकला — डबा हलेना. जोर लावला तर चाकं न फिरताच फरफटत आली. अंगणात दोन चर पडले.

डबा म्हणजे आमचं चाकांवरचं घर, जीपमागे ओढायचं. निवृत्त झाल्यावर ह्यांनी हौसेने घेतलं. शनिवारी घाट उतरून लेकीकडे जायचंय. पहिलं बाळंतपण, वीस तारीख दिलीय. तिच्या एका खोलीत ती, जावई, सासू. आम्ही काय छतावर झोपणार? म्हणून डबा तिच्या दारात लावायचा, दोन महिने. पडदे शिवले, गाद्यांच्या खोळी शिवल्या. आणि आता हे!

डब्याला स्वतःचे ब्रेक आहेत, विजेवरचे. जीपचा ब्रेक दाबला की तारेतून वीज जाते आणि डब्याचीही चाकं धरतात. ते बिघडले तर घाटात डबाच जीपला ढकलत नेईल. सरळ दरीत.

मंगळवार, ११

फिटर आला. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, म्हणून ह्यांना मास्तर म्हणतो. "मास्तर, ब्रेकचं चुंबक आत चिकटून बसलंय." डबा जॅकवर चढवला, दोन्ही चाकं खोलली, चुंबकं पुसली, परत लावली. प्लग खोचला — जाम! "नवीन मागवावी लागतील काकू. आठवडा धरा." आठवडा! बाळ काय चुंबकाची वाट बघत थांबणार आहे?

ह्यांना म्हटलं, तारा बघा ना एकदा. भडकलेच. "तीस वर्षं वायरमन होतो मी. प्लग गेल्या महिन्यात माझ्या हाताने बदललाय. तारेचं नाव काढू नकोस."

त्यात ह्यांची स्वयंपाकघरातल्या बल्बबद्दल कुरकुर. मंद झालाय म्हणे. नवा लावला, तर तोही मंद! वायरमनच्या घरात उजेडाचा दुष्काळ.

बुधवार, १२

लेकीचा फोन. पाय सुजलेत. "आई, येशील ना वेळेवर?" येते म्हटलं. कशी येणार ते माझं मला ठाऊक नाही. भाजी करपली.

गुरुवार, १३

सापडलं!!

हे केस कापायला गेले होते. डबा अजून जॅकवरच. मी चाक हाताने फिरवलं. प्लग काढला की भिरभिर फिरतं, खोचला की गच्च. जीपमध्ये तर कुणीच नाही. मग ब्रेक दाबला कुणी? भुताने? म्हणजे वीज सारखी जातेय. दोष चाकात नाहीच. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला!

मशीनवर दोरा तुटला की सगळे सुईला शिव्या देतात. मी आधी बॉबिन बघते. तसंच केलं. मशीनचा बारका पेचकस घेतला, प्लग उघडला. नव्या प्लगच्या खोक्यातला कागद शोधला. इंग्रजी अक्षरं कोण वाचणार, चौथीत शाळा सुटली माझी. पण चित्रात रंग होते. रंग मला कळतात, जन्म गेला रिळांत. निळी तार ब्रेकची. काळी तार बॅटरीची, तिच्यात कायम वीज. आणि प्लगात काळीच्या जागी निळी, निळीच्या जागी काळी!

अदलाबदल केली. चाक फिरलं. हे आल्यावर ब्रेक दाबायला लावला — धरलं. सोडला — सुटलं. आनंदाने मी टाळीच वाजवली.

मग म्हटलं, "अहो, उलटं जोडलं होतंत." "शक्यच नाही." प्लग हातात दिला. दारात उजेडाला घेऊन गेले. जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला. मग म्हणाले, "शेडमध्ये अंधार होता. घाई झाली असेल."

ह्यांना घाई? तीस वर्षांत कधी जेवतानासुद्धा बघितली नाही.

शुक्रवार, १४

डबा जोडून मोठ्या रस्त्यापर्यंत फेरी मारली. ब्रेक झकास. पण वाटेतल्या गतिरोधकावरून ह्यांनी गाडी तशीच नेली. माझं डोकं टपाला आपटलं. म्हणाले, "त्याचा रंग उडालाय. दिसणार कसा?"

मला दिसला होता. पांढरे पट्टे चांगले ठसठशीत.

म्हटलं, उद्या थोडं मी चालवू का? बाजारात रोज मीच नेते जीप. "डबा मागे असताना? वेड लागलंय का तुला!"

बॅगा भरल्या. बाळाची दुपटी सगळ्यात वर ठेवली. सगळं नीट झालंय. फिटरने सकाळी येऊन बघितलं, मान डोलावली. "काकू, माझ्या पोटावर पाय आणता तुम्ही." हसू आलं नाही.

शनिवार, १५

निघायच्या तयारीत ह्यांच्या निळ्या शर्टाचं बटण तुटलं. म्हटलं, मशीनवरचं निळं रीळ द्या. दिलं. काळं होतं. निळं तिथंच शेजारी, खिडकीतून लख्ख ऊन पडलेलं.

निळं आणि काळं. प्लगातलंच.

काळ्या दोऱ्यानेच बटण लावलं. ह्यांनी वाकून बघितलं. म्हणाले, "वा, रंग अगदी जुळला!"

डाव्या मुठीत जीपची किल्ली धरून हे लिहितेय. बाहेरून हाका चालल्यात — "अगं, किल्ली कुठं ठेवलीस?"