चाखलं कोणी?

वेलचेरी, चेन्नई,
गुरुवार, दुपार

प्रिय इराअक्का,

वाहिनीतल्या सुष्मिताने मला प्रश्न पाठवले आहेत. तुमच्या पाककला स्पर्धेच्या अंतिम फेरीत ‘परीक्षकांच्या घरची माणसं’ असा एक भाग आहे म्हणे. त्यात मी कॅमेऱ्यासमोर बसून टीव्हीवरचा माझा सर्वांत आवडता आणि सर्वांत नावडता शेफ कोण, ते सांगायचं. पाठोपाठ तुझ्याकडून उत्तरंही आली, टाइप केलेली. आवडती तू, नावडता हरिप्रसाद, आणि कुठे हसायचं तेही कंसात. शनिवारी सकाळी गाडी येईल, निळी साडी नेस. मी ते दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला. उत्तरं माझी मला येतात. ती आधी तू ऐक.

हरिप्रसाद मला आवडत नाही हे खरं. खांद्याच्या उंचीवरून मीठ भुरभुरवतो, अर्धं ओट्यावर सांडतो, आणि दर भागात एकदा आईच्या आठवणीने डोळे पुसतो. तुमचा तिसरा परीक्षक, तो पुण्याचा उन्मेष, त्याहून वाईट. चिमट्याने कोथिंबिरीचं एकेक पान ठेवतो, जणू वरणाला टाके घालायचेत. पण हे दोघं समोर आलेलं खातात तरी. आवडत्या म्हणशील तर विद्यालक्ष्मी मामी. दुपारचा तमिळ कार्यक्रम, सुती साडी, बोटाला चिकटपट्टी. एकदा रसम तोंडात घातल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, मीठ जास्त पडलं, माझं चुकलं, तुम्ही एवढं घालू नका. चित्रीकरणातून तेवढं कापून टाकता आलं असतं. त्यांनी कापू दिलं नाही. आणि नावडती तू.

दम्यामुळे मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. तुझ्या आईने, जयवंतीकाकूने, मला स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. अक्षरं रव्याच्या ताटात गिरवली, अपूर्णांक मापट्यांवर. तू शाळेतून आलीस की माझा धडा तपासायचीस, आणि चूक सापडली तर ती मला सांगण्याआधी काकूला सांगायचीस. काकू नैवेद्य दाखवण्याआधी काहीही चाखत नसे. पूर्वज तंजावरला होते तेव्हापासून आपल्या घरात कुणीच चाखलेलं नाही. वासावरून मीठ कळतं, असं ती म्हणायची, आणि तिला खरंच कळायचं. त्याचा तिने कधी गाजावाजा केला नाही. तू मात्र तेच वाक्य तुझ्या पाककृतींच्या पुस्तकाच्या पाठीवर छापलंस, ‘आमच्या घरी चाखत नाहीत, मी वासाने ओळखते.’ लोक टाळ्या वाजवतात. चार वर्षांपूर्वीच्या त्या तापानंतर तुला वासही येत नाही आणि चवही लागत नाही, हे फक्त आपल्या दोघींना ठाऊक होतं. दूध करपून खाली लागलं तरी तू खोलीत बसून राहतेस. तेव्हा मी तुझ्याबरोबर रडले होते. त्या रडण्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते चिठ्ठ्यांचं. स्पर्धकांची ताटं तुमच्यापुढे जाण्याआधी मागच्या खोलीत मी प्रत्येकातला घास खायचा आणि लिहायचं. आंबट कमी. मेथी कडवट. मीठ बरोबर. चिठ्ठी तुझ्या पाण्याच्या पेल्याखाली. तू डोळे मिटून ताटावर वाकायचीस, जरा थांबायचीस, आणि माझंच वाक्य जड आवाजात म्हणायचीस. अकरा भाग आपण हे केलं. मी घरी येऊन जीभ घासत असे, उद्या चूक होऊ नये म्हणून. तू मात्र गाडीत बसल्या बसल्या हरिप्रसादची नक्कल करायचीस आणि मी हसले नाही तर म्हणायचीस, आईसारखी मास्तरीण झालीयेस.

बाराव्या भागात कनका बाहेर पडली. चेन्नईबाहेरच्या कोवलमच्या बसथांब्याजवळ दुपारी मासे आणि भाताची गाडी लावणारी कनका, जिच्या हाताला लसणाचा वास येतो म्हणून उन्मेषने नाकाला रुमाल लावला होता, तीच. त्या दिवशी समुद्राकाठचे पदार्थ होते. तिने चिंचेतलं माशाचं कालवण केलं. हरिप्रसादने बोटं चाटून नऊ गुण दिले. तू तीन दिलेस आणि म्हणालीस, ‘अख्खा समुद्र ओतलाय हिने.’ तो तुकडा सगळीकडे फिरला. आता तिच्या गाडीशी बस थांबली की खिडकीतून पोरं ओरडतात, समुद्र आहे का शिल्लक? नेहमीची गिऱ्हाइकं पलीकडच्या हॉटेलात जातात. मी तुला फोन केला तेव्हा तू जेवत होतीस. म्हणालीस, ‘अगं, टीव्ही आहे तो. बघणारे काही जेवायला येत नाहीत.’ तिच्याकडे येत होते, अक्का.

मंगळवारी मी तिरुवान्मियूरहून बस धरून कोवलमला गेले. तिला तुझ्याबद्दल सांगायला. तिच्या तोंडून तुला शिव्या ऐकाव्यात अशी माझी इच्छा होती, हेही लपवत नाही. तुला चव लागत नाही, वास येत नाही, चिठ्ठ्या मी लिहिते, सगळं सांगितलं. ती कांदा चिरता चिरता ऐकत होती, मला लाडाने कण्णू म्हणत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, ‘मग त्या दिवशी चाखलं कोणी, कण्णू?’ मी म्हटलं, मी. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ‘तू मासे खातेस?’

नाही खात. आपल्या घरात मासा कधी आलाच नाही. त्या दिवशी मागच्या खोलीत मी चमचा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. तिला मूठभर खडेमीठ टाकताना पाहिलं होतं. ताटावर वाकले, श्वास रोखून, आणि काकूसारखं मला कळलं असं स्वतःला सांगून लिहिलं, फार खारट. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तिला हे सांगितल्यावर ती चिडली नाही. एका ताटलीत भात आणि कालवण वाढून माझ्या हातात दिलं. मी बाकावर बसले. घास केला. तो मला तेव्हाही तोंडात घालता आला नाही. बऱ्याच वेळाने तिने ताटली काढून घेतली आणि दुसरी भरून एका बसवाल्याला दिली. तो खात असताना मी त्याला विचारलं, मीठ कसं आहे? मान वर न करता तो म्हणाला, बरोबर आहे. सोमवारी मी वाहिनीला लेखी देणार आहे. त्या कागदावर पहिलं नाव माझं आहे आणि माझा गुन्हा पूर्ण लिहिला आहे. दुसरं नाव तुझं. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. शनिवारी गाडी पाठवू नकोस. तू स्वतः कॅमेऱ्यासमोर हे बोलणार असशील तर मी बसने येईन आणि तुझ्या शेजारी उभी राहीन.

अजूनही तुझीच,
ऊर्मी