मेडशीच्या पोरीची हनुवटी

किन्हीराजा, ता. ६ फेब्रुवारी १९३८

तीर्थस्वरूप सौ. हौसाअक्का हीस, धाकटा भाऊ पुंजाजीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे समदे खुशाल. बाबा मले मेडशीले पोरगी पाहाले नेऊन राह्यले. पन पोरगी मनातून राजी आहे का नाई, हे मी ओळखू कसं? मले कोनाचं तोंड वाचता येत नाई. परवा बाजारात आपल्या भाजीपाशी गिऱ्हाइकीन भडकली होती अन् मी हासून म्हनलं, वांगे अजून देऊ का! मायनं कपाळ बडवून घेतलं. नाराज पोरगी घरात आली अन् मले जन्मभर समजलंच नाई, तर? चेहऱ्यात पाहावं तरी काय?

लोभ आटू देऊ नको.

कामरगाव, ता. ११ फेब्रुवारी

चि. पुंजाजीस, अक्काचे अनेक आशीर्वाद.

वांग्याचं वाचून हासता हासता पुरेवाट झाली! वेड्या, समदं तोंड एकदम पाहू नको, तुकड्या-तुकड्यानं पाहाय. खऱ्या हासण्यानं डोळ्याच्या कडेले सुरकुत्या पडतात. नुसते दात दिसले तर ती दुकानदारी. रागात ओठ पातळ होतात. बाजारात सराव कर, पन टक लावू नको, मार खाशील.

पोरगी लाजो का भिवो, मान खालीच राहते. लोक दोन्हीले लाजच म्हनतात. पन लाजेत ओठ हासू दाबतात. भीतीत हनुवटीवर बारीक खड्डे पडतात, आवंढा गिळवत नाई.

मायेत अंतर पडू नये.

किन्हीराजा, ता. २ मार्च

तीर्थस्वरूप अक्काले शि. सा. न.

बाजारात तोंडं पाहाचा मले चस्काच लागला. भेंडीवाल्या मावशीचं हासणं निव्वळ दात आहे, बरं का!

काल मेडशीले गेलो. पोरीनं सुपारीचं तबक पुढं केलं. समदे म्हनले, भलती लाजाळू पोरगी. मी हनुवटी पाहली. खड्डेच खड्डे, अक्का! नकार दिला तर पोरीच्या नावाले डाग. म्हून भर बैठकीत सांगतलं, मलेच यंदा लगीन करायचं नाई. बाबा तवापासून माह्याशी बोलत नाई. मायले म्हनतात, नाक कापलं. मले लय वाईट वाटून राह्यलं. पन लाज अन् भीती यातला फरक तुले कोनं शिकवला?

उत्तराची वाट पाहतो. माया राहू दे.

कामरगाव, ता. ७ मार्च

चि. पुंजाजीस अनेक आशीर्वाद.

कोनी नाई शिकवला. मले पाहाले आले तवा तू लहान होता. मी आरशापुढं केस विंचरत होती, तवा माह्याच हनुवटीवर ते खड्डे पाहले. बाहेर आली तर समदे म्हनले, पोरगी लाजाळू आहे. बाबाच पहिले म्हनले. तुझे दाजी भले निघाले, हे नशीब. पन त्या दिवशी एकानं तरी पाहाले पाहिजे होतं रे.

तू पाहलं. मले तुझा लय अभिमान वाटून राह्यला. बाबाचा राग निवला नाई, तर हे पत्र त्याईले वाचून दाखव.

तुझी अक्का