चौदाचा आकडा

सोमवार, ३ नोव्हेंबर

१. सकाळी साडेआठला मालिशवाल्या चंद्रभागाबाईंनी मला नि बाळाला मालिश केली, आंघोळ घातली. मग नेहमीप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी. खिडक्या बंद. पाऊण तास.
२. अकरा वाजता दवाखान्यात. तंबाखू सोडलेल्या बाळंतिणींची तपासणी.
३. यंत्रात फुंकलं. आकडा आला १४. सहाच्या वर गेला की सिगारेट ओढली असं धरतात.
४. समुपदेशक राजनंदिनी मॅडमनी माझ्या कागदावर लिहिलं – ‘पुन्हा सुरू’.
५. मी म्हणाले, नाही ओढली.
६. त्यांनी माझा हात थोपटला. “होतं असं. लपवू नका फक्त.”

सहावं सगळ्यांत वाईट. १२ फेब्रुवारीपासून एकही नाही. २६४ दिवस. आणि हात थोपटतात!

आई बाहेर बाळाला घेऊन बसली होती. कागद तिने वाचला. रिक्षाने बिबवेवाडीला आलो. घरी चपला काढताना म्हणाली, “बारशाच्या पत्रिकेत हेही छापायचं का?”

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नवऱ्याचा, आनंदचा फोन. आईने कळवलं असणार. “नमू, एकच ना? सांग ना, मी रागावणार नाही.”

एकही नाही म्हटलं. तो म्हणाला, “बरं, ठीक आहे.” हे ‘ठीक आहे’ मला ओळखता येतं. सोडायचं दोघांनी मिळून ठरवलं होतं. त्याच्यावर विश्वास आहे, त्याला यंत्र नाही. माझ्यावर यंत्र आहे, विश्वास नाही.

दुपारी आईने माझी कपाटातली बॅग झटकली. मी बघत होते. मीच खिसे उलटे करून दाखवले. “अजून काही तपासायचंय?”

“नको. मला वास येतोच.”

वास ओव्याचा होता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दुपारी चार वाजता जोरात तलफ. घड्याळ लावलं. सहा मिनिटं. गेली. ह्याची नोंद कोण घेतं?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मूर्ख मी! चार वर्षं हिंजवडीत गॅस सेन्सर तपासून देते. आकडा विचित्र आला की पहिला प्रश्न – याआधी याला काय लागलं होतं? स्वतःच्या बाबतीत विचारलाच नाही.

त्या यंत्राला सिगारेट कळत नाही. त्याला श्वासातला कार्बन मोनॉक्साइड कळतो. कोळसा अर्धवट जळला की तोच. पाऊण तास बंद खोलीत निखारे, त्यानंतर तासाभराने फुंकलं. चौदा येणार नाही तर काय!

आणि त्या खोलीत माझ्याशेजारी महिन्याचं बाळ. उठले, खिडक्या उघडल्या, बाळाला बाहेर बाबांकडे दिलं. आईला सांगितलं, आजपासून शेगडी बंद.

“म्हणजे तुझी सिगारेट झाकायला आमची शेगडी वाईट?”

“आई, धूर तो धूर.”

“धूर तो धूर काय! एक बाळंतपणाची रीत, एक तुझी थेरं. तू याच शेकावर वाढलीस. काय झालं तुला?”

“तेव्हाही खिडक्या लावून?”

“खिडकी कुठली, एकच खोली होती. वर कौलं. सगळा धूर कौलांतून –”

तिथे ती थांबली. वर बघितलं. वर स्लॅब. मग उठून कुकर लावायला गेली. भात सकाळीच झाला होता.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मॅडमना फोन केला. “सोमवारी घरी या. यंत्र आणा, फुंकायच्या चार नळ्या आणा.”

“अहो नम्रता, एका आकड्याचं इतकं मनाला लावून घेऊ नका.”

“आकडा बरोबर आहे. त्याच्यापुढे तुम्ही लिहिलेलं चूक आहे. दोन्ही एकाच कागदावर राहणार नाहीत.”

येते म्हणाल्या.

सोमवार, १० नोव्हेंबर

मी गुरुवारपासून शेकाला बसले नाही. आज शेगडी लावून खोलीत कोणी बसायचं, हा प्रश्न होता. आई म्हणाली, “मी बसते. माझ्यावर कोणाला संशय नाही.” आवाज नेहमीसारखाच, कोरडा. पण बसली. चाळीस मिनिटं, खिडक्या लावून, चंद्रभागाबाई निखारे फुलवत. बाळ बाबांबरोबर खाली बागेत. मी दाराबाहेर घड्याळ घेऊन. दर पाच मिनिटांनी हाक मारत होते. आतून उत्तर – “आहे अजून!”

मॅडम आल्या. मी फुंकलं – २. मॅडमनी स्वतः फुंकलं – १. आईने फुंकलं – ११.

आईने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही.

मॅडम यंत्राकडे बघत राहिल्या. आई म्हणाली, “लिहा ना. माझंही ‘पुन्हा सुरू’.”

मला हसू आलं. पहिल्यांदा आठ दिवसांत. चंद्रभागाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. “माजं बी बगा की.”

१९.

“तुम्ही ओढता?” मॅडमनी विचारलं.

“न्हाई वो ताई. रोजची पाच घरं हायती माजी. पाच शेगड्या.” मग कपाळ दाबत, “दुपारी डोकं ठणकतंय रोज. मला वाटायचं, उन्हानं.”

आईने जाऊन खिडकी उघडली.

मॅडमनी ‘पुन्हा सुरू’ खोडलं, बाजूला लिहिलं – ‘नोंद चुकीची होती. २७१ दिवस.’ खाली सही, तारीख. म्हणाल्या, यापुढे प्रत्येकीला आधी शेगडीचं विचारेन. या वेळी हात थोपटला नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

शेगडी गॅलरीत गेली. तिच्यात कढीपत्त्याचं रोप. चंद्रभागाबाई आता गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात. बाकीच्या चार घरीही तसंच करायचं म्हणतात. “न्हाई ऐकलं तर तुमास्नी नेते यंत्र घिऊन.”

शनिवार, १५ नोव्हेंबर

आनंद आला. आईने त्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं, स्वतःच्या अकरासकट. तो म्हणाला, “मला माहीतच होतं.”

संध्याकाळी त्याच्या बॅगेत चार्जर शोधत होते. सापडला. सिगारेटचं पाकीटही सापडलं. सात उरलेल्या.

“ऑफिसमधल्या एकाचं आहे ते.”

बरं, ठीक आहे, म्हटलं मी.

रविवार, १६ नोव्हेंबर

मॅडमना पाठवलं, त्याची प्रत:

काल संध्याकाळी पावणेसातला गच्चीवर मी एक सिगारेट ओढली. पूर्ण. शेगडी नव्हती. पाकीट कोणाचं, हा प्रश्न नाही. ओढली मी. कपडे बदलून, हात-तोंड धुऊन मगच बाळाला घेतलं. पुढची तपासणी २४ ला. तोवर आकडा दोनवर येईल आणि कोणालाच कळणार नाही. म्हणून आज कळवते आहे. २७६ खोडा, आजपासून १ लिहा. मला २४ च्या आधी यायचं आहे. कधी येऊ, ते बुधवार, १९ नोव्हेंबरपर्यंत कळवावं.