आईच्या कमरेएवढी गाडी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि तुझ्याआधी आईच स्वयंपाकघरातून उत्तरं देते, म्हणून हा विषय कागदावर घेतला. आम्ही गाडी घेतोय. चांगली उंच, तीन रांगांची एसयूव्ही. हसून झालं की पुढे वाच.

आमच्या जुन्या डबड्यात आता पाच माणसं मावत नाहीत. मोठीचे गुडघे तिच्या हनुवटीला लागतात, आणि जुळी खिडकीवरून अशी भांडतात की एकदा ट्रॅफिक पोलिसानं मध्यस्थी केली. पण खरं कारण आई. गेल्या खेपेला तिला मागच्या सीटवरून ओढून काढायला आम्ही तिघं लागलो होतो आणि अख्खी गल्ली बघत होती. तेव्हाच तिनं जाहीर केलं की, जिच्यात कुणी हात न धरता चढता-उतरता येईल अशी गाडी घेतलीस, तरच तुझ्याकडे राहायला येईन. बाबा गेल्यापासून ती तुझ्याकडे आहे. आता माझा नंबर आहे, ताई.

सीट आईच्या कमरेच्या जरा खाली हवी. फार वर असली तर चढावं लागतं, खाली असली तर उठता येत नाही. वयानं माणूस आखडतं, तेव्हा तिचं कंबर ते टाच ताजं माप घेऊन कळव. बाकीच्यांची मापं मी जेवणाच्या बाकावर बसवून घेतली आहेत. तुझ्या भावजयीनं टेप हिसकावून घेतली, पण तोवर माझं काम झालं होतं.

आईला नमस्कार. लोभ आहे, तो या पत्रानं कमी होऊ नये एवढीच विनंती.
तुझा,
धाकटा

१३ मार्च

चि. टेलरमास्तर यांस,
अ. उ. आ.

गाडी घ्यायला निघालेला माणूस इंजिन विचारतो, मायलेज विचारतो. तू सीटचा घेर विचारतोस. सेल्समनला गळ्यात टेप अडकवलेला तू दिसलास की तो बिचारा तुझ्याकडून पँट शिवून घेईल आणि गाडी दुसऱ्याला विकेल.

आईचं माप सोबत पाठवते आहे. प्रयोगशाळेची पट्टी घरी आणून घेतलं आहे, तेव्हा शंका काढू नकोस. इतक्या कमी उंचीची एसयूव्ही कुठल्या कारखान्यात निघत असेल असं मला वाटत नाही, पण तू शोध. नाहीच मिळाली तर वाईट वाटून घेऊ नकोस.

आणि नंबराचं म्हणशील, तर आई म्हणजे काही दवाखान्याचं टोकन नव्हे. मी शाळेतून येते तेव्हा ती गॅलरीत उभी राहून मला उशीर झाला म्हणून ओरडते. वेळेवर आले तरी ओरडते. ते ओरडणं नसलं तर मी कुलूप काढून आत कशाला जायचं? घर खायला उठेल मला. हे एकदाच लिहिते आहे, वाचून फाडून टाक.

जुळ्यांना पापा, मोठीला शाबासकी. गाडी लांबली तरी चालेल, प्रेम लांबवू नकोस.
तुझी,
ताई

१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या बाईनं मापात खोटं बोलावं! ताई, आईचे कपडे मी शिवतो. तू पाठवलेलं माप खरं असतं, तर मी अनाडी शिंपी ठरलो असतो आणि आई माझ्याच कपड्यांत पाय अडकून रोज तोंडावर पडली असती. चार बोटं चोरलीस तू. एखादं बोट असतं तर खपूनही गेलं असतं.

तर माझ्याकडच्या मापानं मी सगळी शोरूम पालथी घातली. एका गाडीत तिसऱ्या रांगेत फक्त पिशव्या बसतील. दुसरीत माणसं बसतील, पण मग डिकीत रुमाल मावेल. तिसरीचं छत उघडतं. सेल्समननं ते चार वेळा उघडून दाखवलं, तर तुझी भावजय म्हणाली की आमच्या घरात आधीच पुरेशी उघडी तोंडं आहेत. शेवटी एक मिळाली. रुंद दार, धरायला दांडा, आणि सीट बरोबर आईच्या मापाची. ऐपतीत बसावी म्हणून सगळ्यात साधं मॉडेल घेतलं. काल घरी आणली.

आणली म्हणजे तुझ्या भावजयीनं आणली. आता हस, मी थांबतो. मी आईचं माप घेतलं, हिचं घेतलं, मुलांचं घेतलं, फक्त माझं घ्यायचं राहिलं. टेप नेहमी दुसऱ्याच्या अंगाला लावायची सवय! साध्या मॉडेलात ड्रायव्हरची सीट वर-खाली होत नाही. मी बसलो की समोर स्टिअरिंगचा वरचा अर्धा भाग आणि थोडंसं आभाळ एवढंच दिसतं. उशी घेतली तर रस्ता दिसतो, पण पाय ब्रेकला पुरत नाहीत. ही पीटी शिकवणारी, ताडमाड उंच. तिला जणू मापानंच शिवली आहे. मी मधल्या रांगेत जुळ्यांच्या मधे बसतो आणि खिडकीच्या भांडणात पंच असतो.

येता रविवार सोडून पुढच्या रविवारी आईला न्यायला येतो. तुझं दुःख मला कळतं, ताई, पण मलाही ओरडून घ्यायचं आहे.
मोठेपणा तुझ्याकडे आहेच, तो रविवारी दाखवावा.
तुझा,
धाकटा

७ एप्रिल

चि. पंचांस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की आईनं येऊन कपाळाला हात लावून पाहिला.

हो, चोरली चार बोटं. सापडेन हे ठाऊक होतं, तरी चोरली. आता मुकाट्यानं तिची बॅग भरते आहे. गुडघ्याचं तेल डाव्या कप्प्यात आहे. ती चहा अर्धा पिते आणि उरलेला कुठेतरी ठेवून विसरते, तो शोधत जा. रेडिओ मोठ्यानं लावते, बंद केला की लगेच जागी होते. तुझा हक्क आहे, धाकट्या, मी आडकाठी करणार नाही. फक्त रविवारी मला फार वेळ खाली उभं करू नकोस, पटकन निघा.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहे. आज जरा जास्तच आहे, सांभाळून घे.
तुझी,
ताई

१५ एप्रिल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू घाईनं निघालास आणि कारण सांगायचं राहिलं, म्हणून लिहायला बसले.

गाडी मला पसंत आहे. कुणी हात धरला नाही, मी दांडा धरून चढले आणि राणीसारखी बसले. समोरच्या बाईनं गॅलरीतून पाहिलं, तेही बरं झालं. मग तू माझी बॅग मागे ठेवलीस, तुझी ताई दाराला हात लावून खोटं खोटं हसत उभी राहिली, आणि मी उतरले. उतरतानाही कुणी हात धरला नाही, एवढं लक्षात घे. मग तूच बॅग काढून माझ्या पायाशी ठेवलीस.

खरं सांगते. तिला एकटी टाकून यायचं नव्हतं, आणि तुला नाही म्हणायलाही जीभ रेटेना. म्हणून गाडीवर ढकललं. तुला कापड कापता येतं, गाडी कुठून जमणार, असं वाटलं. तू जमवलीस. माझ्यासाठी पोरानं दारोदार टेप लावत फिरावं, याचा मला अभिमान वाटतो आणि लाजही वाटते. रागावला असशील तर रागाव. पण माझं राहणं इथेच.

मात्र गाडी वाया घालवायची नाही. तुम्ही पाच जण मावता, तर एक रविवार सोडून इकडे या. तुझ्या वाटचं ओरडणं मी साठवून ठेवते. सुट्टीत तिलाही घेऊन तुझ्याकडे राहायला येईन, तीन रांगा आहेत ना?

तुम्ही गेल्यावर ताईनं बॅग उघडली आणि माझे कपडे एकेक करून कपाटात परत लावले. लावताना गात होती. इतका बेसूर आवाज मी जन्मात ऐकला नाही, आणि थांब म्हणायचा मला धीर झाला नाही.

सगळ्यांना आशीर्वाद. सूनबाईला थोडे जास्त, कारण तुला इथे तीच आणणार.
तुझी,
आई