सूर्यास्ताआधीचा पंप

खापर,
मार्गशीर्ष

प्रिय भाईदास यास छगनलालचा जय जिनेंद्र.

तुझी, धनुवहिनींची आणि पपईच्या बागेची तब्येत ठीक असेल असे धरून चालतो. (पपईची खबर तुझा गडी अमृत देतो, वहिनींची आमची कारभारीण जतनबाई देते, तुझी कोणीच देत नाही.) फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुला खोकला आला की तू "रेंज गयी रे" म्हणून ठेवून देतोस. पत्रात रेंज जात नाही.

आमच्याकडे सुरतेचे संकट येऊन टेकले होते. तुला माहीतच आहे, जन्मभर मिरचीच्या पोत्यांत बसून माझ्या फुप्फुसांचा पार भुसा झाला. डॉक्टर म्हणाले, हा आजार जायचा नाही, पण सांभाळलात तर दुकानात बसाल. म्हणून सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप दिला, आणि ओढून झाला की चूळ भरा म्हणाले. आता मला चौविहार. सूर्य मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंब नाही, मग औषध कुठले आणि चूळ कुठली? पण व्यापाऱ्याचे डोके ना! संध्याकाळचा माल मी सकाळीच उचलू लागलो, दोन्ही वेळचा एकदम. सकाळी हात असे थरथरत की तराजू आपोआप हलायचा, आणि रात्रभर छाती रिकामी. शेवटी एक दिवस जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलो तो उठेचना.

अभिनंदन सुरतेहून गाडी घेऊन आला, आणि निकालही बरोबरच घेऊन आला: दुकान बंद, बाप आठव्या मजल्यावर. अरे, तिथल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते! मी म्हटले, मरेन तर खापरच्या गादीवर मरेन. त्यावर जतनबाई म्हणाली, तेच तर चाललंय.

जाण्याआधी मला दवाखान्यात नेले. मला वाटले डॉक्टर एकटे असतील, एका माणसाला पटवता येते. तर तिथे पंचायतच बसलेली. डॉक्टर, कोकिळा सिस्टर, व्यायाम शिकवणारा नवलसिंग, आणि वर जतनबाई न् अभिनंदनलाही त्यांनी खुर्च्या दिल्या. (मोडकी मला.) सिस्टर म्हणाली, "शेठ, पंप कसा लेतस, दखाडा बरं." मी दाखवला. "आन् संध्याकायले?" मी छताकडे पाहू लागलो. जतनबाईने भांडे फोडले. म्हटले, आता धर्मावर व्याख्यान ऐकावे लागणार. पण डॉक्टरांनी एवढेच विचारले की जेवता कधी. सूर्य मावळायच्या आत, मी म्हणालो. मग पंप जेवणाआधी घ्या, चूळ भरा आणि जेवा, ते म्हणाले. झाले! एवढ्यासाठी मी पायरीवर बसून राहिलो होतो.

पुढे नवलसिंग घरी आला, मला जिना चढायला शिकवायला. गरम चहावर फुंकर मारतो तसे ओठ करून श्वास सोडायचा आणि पायरी चढायची. दोन पायऱ्या झाल्या न् तोच सटासट शिंकायला लागला. जिन्याखाली मिरचीची पोती! "शेठ, वरती दवाई घेता आन् खाली मिरची भरता?" पोती त्याच दिवशी मागच्या गोदामात गेली. तेव्हापासून ही सगळी मंडळी एकमेकांना फोन करतात. मी चूळ चुकवली तर ती बातमी माझ्याआधी दवाखान्यात पोचते. एका छातीवर एवढा पहारा! माझ्या तिजोरीलाही मी कधी ठेवला नव्हता. अभिनंदन होळीपर्यंतची मुदत देऊन एकटाच परत गेला. जिना अजून सावकाशच चढतो, पण मध्ये बसत नाही.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर सांभाळवणार नाही.

तुझा,
छगनलाल

ता.क. शेतातून घरी येताना तू हल्ली दोनदा बांधावर बसतोस असे कळले. विचारले की पिकाची पाहणी करतोय म्हणतोस म्हणे. मीही जिन्याची पाहणीच करत होतो, भाईदास. गुरुवारी कोकिळा सिस्टरकडे तुझे नाव लावले आहे. ये. बिडी घरी ठेवून ये. मी सुरतेला गेलो नाही तो बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसून तुझ्याशी भांडता यावे म्हणून. तूच नसलास तर आठवा मजला काय वाईट होता?

पुन्हा ता.क. पाकिटावर नाव धनुवहिनींचे घातले आहे. म्हणजे हे पत्र त्याच तुला वाचून दाखवत असतील. आता म्हण रेंज गेली.