ग्लेझ कुणाचं

३ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तू बेकरी सोडून गेलीस त्याला पाच महिने झाले. शाळेच्या कॅन्टीनमध्ये तुझं बरं चाललं असेल. इथे माझी पार फजिती झाली आहे. घासाएवढ्या केकवरचं आपलं साखरेचं ग्लेझ काही केल्या जमत नाही. सकाळी घातलेलं दुपारपर्यंत खडूसारखं पांढरट पडतं, कडेला तडे जातात. वहीत बाबांनी लिहिलंय, 'कोमट करून ओतणे'. मी कोमट करतो, तर ते घट्ट होऊन बसतं. जास्त तापवलं की चकाकी जाते. बाबा काउंटरवरून ओरडतात, कृती माझी आहे, चूक तुझी आहे.

मोठ्या हॉटेलने वीस तारखेला नमुना मागवलाय. तो नापास झाला तर आपली अब्रू गेली. तुझा राग कळतो, पण बेकरी माझ्या नावावर करायचं बाबांनी ठरवलं, मी नाही. तेवढं सोड आणि कसं करायचं ते लिही.

राग असू दे, पण लोभही असू दे.

तुझा,
धाकटा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नाही रे, तू कुठे ठरवलंस? तू फक्त सही केलीस.

वीस वर्षं मी आत केकवर ग्लेझ ओतलं. बाबांनी एकदाही नाही. वहीतलं 'कोमट' त्यांच्या आंघोळीच्या पाण्याचं आहे. ग्लेझचा थेंब खालच्या ओठाखाली लावून बघ. ना गरम ना गार वाटला, की तयार. त्याआधी केकना जर्दाळूचा जॅम गाळून पातळ लाव आणि सुकू दे, म्हणजे चुरा सुटत नाही आणि केक ग्लेझमधला ओलावा ओढत नाही. घट्ट झालं तर पाणी नको, चमचाभर पाक घाल. जोरात ढवळू नकोस, बुडबुडे येतात. आणि ओतल्यावर बोट लावू नकोस. लहानपणापासून तुला ते जमलेलं नाही.

एक गोष्ट मात्र राखून ठेवली आहे. ती हवी असेल तर बाबांना सांग, स्वतःच्या हाताने मला दोन ओळी लिहा, की ते ग्लेझ मोठीचं आहे. दुकानाच्या काचेवर 'बाबांची खास कृती' रंगवलंय ते राहू दे खुशाल. मला कागदावर हवंय.

गुडघ्यांना जपा म्हणावं त्यांना.

तुझी,
ताई

१४ फेब्रुवारी

चि. मोठीस,
सा. न. वि. वि.

ते ग्लेझ तुझंच. तू आत राबलीस आणि बाहेर उभं राहून शाबासकी मी घेतली. हे मी फार आधी म्हणायला हवं होतं. तुझ्या हाताला तोड नाही.

आता राहिलेली गोष्ट धाकट्याला लगेच कळव. वीस तारीख जवळ आली.

तुझे,
बाबा

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाबांचं अक्षर झकास काढलंस, 'ळ'च्या शेपटीसकट. पण बाबांनी मला साष्टांग नमस्कार घातला? बाप लेकीला आशीर्वाद देतो रे. मला लिहायच्या सवयीने 'सा. न.' लिहून गेलास आणि फसलास. आधी हसू आलं. मग ताटं धुवायच्या मोरीपाशी रडले. कॅन्टीनमधल्या बायकांना वाटलं, कांदा चिरून आले.

त्यांना विचारलं तरी होतंस का? विचारलं असशील तर काय म्हणाले ते कळवू नकोस.

राखून ठेवलेली गोष्ट वगैरे काही नव्हतीच. होतं ते सगळं मागच्याच पत्रात लिहून दिलं. तेवढं नीट कर, नमुना पास होईल. मला त्या दोन ओळी हव्या होत्या, म्हणून खोटं बोलले. तूही बोललास. फिट्टंफाट.

तुझा कागद फाडायला घेतला होता. नाही फाडला. खोटा आहे हे पक्कं ठाऊक असूनही चार वेळा वाचला. बाबांकडून एवढंही कधी आलं नव्हतं.

लोभ आहेच, तो काही सुटत नाही. पत्र मात्र आता पाठवू नकोस.

तुझी,
ताई