घराचा विमा, वहिनींचं मशीन

१२ मे
संजू आला होता. सौ.चा मावसभाऊ, हातकणंगल्याचा. आधी मोबाईलचं दुकान होतं, आता विमा विकतो. पोहे, चहा, परत चहा. म्हणाला, "दाजी, पावसाच्या आत घराचा विमा उतरवा. मागनं डोक्याला हात लावून बसू नका." मी म्हटलं, मी वरच्या मजल्यावर राहतो, माझ्याकडं यायचं तर नदीला जिना चढावा लागेल. स्वतःच्या बोलण्यावर खूष झालो.

वहिनी खालून चटणीचा डबा द्यायला आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "भावजी, वरचा मजला कशावर उभा हाय?"

सौ. हसली, संजूही हसला. मी पोहे संपवले.

१४ मे
दादा गेल्यापासून घर वहिनींच्या आणि माझ्या नावावर. खाली त्या, वर आम्ही. म्हणजे ठरवायचं ते दोघांनी. संजूने विचारलं, घराची किंमत काय धरू? मी गल्लीतला चालू भाव सांगितला, वर थोडा चढवूनच. आपलं घर आहे, कमी का सांगा.

वहिनी म्हणाल्या, "ह्यात जागेचा भाव आला की. पूर आला तर जागा वाहून जाणार हाय व्हय? जागा हितंच ऱ्हाणार. पडलंच तर परत बांधायला काय लागंल तेवढंच धरायचं."

संजूने पत्रक उघडून बघितलं. तसंच होतं. उगाच जास्त हप्ता भरत बसलो असतो आणि मिळालं असतं बांधकामापुरतंच.

वहिनी बी.कॉम. आहेत. लग्न होऊन गडमुडशिंगीहून या घरात आल्या तेव्हा आईने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. पुढे ते सगळेच विसरले. मीही. एस.टी.च्या वर्कशॉपात आयुष्य गेलं माझं, मला इंजिन उघडून दाखवा, कागद नको.

१७ मे
चटणीचा सीझन, खाली वहिनींच्या मिरची कुटायच्या मशीनची दिवसभर धडधड. दोन घाण्यांच्या मधे वहिनी उंबऱ्यावर बसून पॉलिसीचे नियम वाचतात. हातात पेन्सिल, नाकाला पदर. काय मिळणार यापेक्षा काय मिळणार नाही ते आधी वाचतात. रोख पैसे: नाही. जुनी ओल, पोपडे: नाही. पूर: हो. दागिने: ठराविक मर्यादेपर्यंत. इथे त्यांचा अंदाज चुकला, त्यांना वाटलं होतं सोनं सगळं धरतात. म्हणाल्या, "मग साज माहेरी ठेवते. तिथं पाणी चढत न्हाय."

नंतर एका ओळीवर थांबल्या त्या थांबल्याच. घरात धंदा चालत असेल तर त्याची यंत्रं आणि माल या विम्यात येत नाही.

दादा गेल्यावर फंडाचे पैसे आले त्यातून वहिनींनी हे बुटकं, आडवं कांडप मशीन घेतलं. पुढच्या खोलीत बसवलं. मीच बसवून दिलं. गल्लीतल्या बायका वर्षाची चटणी इथेच करतात. पण धंदा असं कुणी म्हणत नाही. "वहिनींकडं जाऊन येते" म्हणतात. घरात आहे म्हणजे घरचंच, असं मीही धरून चाललो होतो.

आणि पाणी आलं की सगळ्यात आधी पुढच्या खोलीत शिरतं.

१९ मे
संजूकडे तोडगा तयार. कंपनीचा माणूस घर बघायला येणार आहे. "मशीन लिहूच नका दाजी. त्या दिवशी वर एक चादर टाका. धंदा म्हटलं की फाईल वर जाती, त्यात आपल्या भिंतीवर मागच्या पुराची खूण. घराचाबी विमा अडकंल."

मला पटलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. गप्प आहेत म्हणजे कबूल, असं समजलो.

२७ मे
दुपारी मशीनवर फळ्या टाकल्या, गादी, वर सौ.ची निळी चादर, दोन लोड. हुबेहूब दिवाण. तीस वर्षं बसच्या सीटा बसवल्यात, हे काय अवघड. मिरचीची पोती वर आणली. फरशी फिनेलने दोनदा पुसली.

२८ मे
आज जे झालं ते सावकाश लिहितो.

कंपनीचा माणूस संजूबरोबर आला. सांगलीकडचा, चाळिशीचा, सभ्य. उंबऱ्यात पाय टाकला आणि शिंकला. मग परत. मग खोकला सुरू झाला, डोळ्यांतून पाणी. भिंतींत मुरलेली मिरची फिनेलला ऐकते होय. मी म्हणालो, शेजारी फोडणी चालली असेल. तो "असेल" म्हणाला आणि रुमाल नाकाला लावून भिंतीवरची पुराची खूण बघितली, फोटो काढला. मग विचारलं, "खाली कोण राहतं?" मी म्हटलं, आमच्या वहिनी. "काय करतात?" मी म्हटलं, गृहिणी.

"बसतो जरा" म्हणून तो दिवाणाकडे वळला. मी मधे आडवा. "पावणं, हितं नको, खुर्चीवर बसा की." आता फळी सरकली तर याचं काय होईल?

वहिनी आतून आल्या. लोड काढून खुर्चीवर ठेवले. चादर घडी घालून माझ्या हातात दिली. गादी त्या माणसालाच धरायला लावली. म्हणाल्या, "हे कांडप मशीन हाय. मी कांडप करते. हेच्यावर माझं घर चालतं. हे बुडालं आणि घर ऱ्हायलं तर मी नुसत्या भिंतींचं काय करू?"

त्याने गादी भिंतीला टेकवली. मग हसला आणि मिरची कुठून आणता ते विचारायला लागला.

जाताना सांगून गेला: घराचा विमा वेगळा होईल, मशीनचा आणि मालाचा वेगळा, धंद्याचा. दोन्हीला वर विचारावं लागेल. खूण बघून नाहीही म्हणतील. "पण झाकलं असतं तर हप्ते भरत राहिला असता, आणि पाणी आल्यावर आम्ही हात वर केले असते."

संजू मला बाहेर नेऊन बोलला. मग मी वहिनींना बोललो, की गप्प बसला होतात तर मग गप्पच बसायचं. त्या म्हणाल्या, "मी हो कुठं म्हटलेलं, भावजी?"

राग होता संध्याकाळपर्यंत. आता नाही. घर दोघांचं, पोट मात्र वहिनींचं पणाला लागलेलं. तरी त्यांनी सगळं सरळ समोर मांडलं. माझ्यात ती धमक नाही. दादा असता तर त्यालाही जमलं नसतं, हे खरं आहे.

११ जून
घराचा विमा झाला. पुरासकट. सौ.ने संजूला जेवायला बोलावलं, तो आता सांगतोय की खरं सांगा हेच तो पहिल्यापासून म्हणत होता.

मशीनचं उत्तर नाही. धंद्याची नोंद पाहिजे म्हणतात, नाव पाहिजे, बाहेर बोर्ड पाहिजे.

१३ जून
मी नाव सुचवलं, दादाचं. वाटलं वहिनींना बरं वाटेल.

"त्यांचं नाव दारावर हाय की. ते तसंच ऱ्हाऊ दे. मशीन माझं हाय."

मी विचारलं, मग काय लिहू? "मंगल कांडप केंद्र."

बऱ्याच दिवसांनी त्यांचं नाव कुणी तरी घेतलं, ते त्यांनी स्वतःच. बोर्डासाठी पत्रा आणायला गेलो.

२४ जून
नोंद झाली. कागद संजूने स्वतः नेऊन दिले. उत्तर "प्रोसेसमध्ये". पाऊस धरलाय.

मशीनच्या मोटरीचे बोल्ट बदलले. आता दोघांनी पाच मिनिटांत मोटर सुटते. बाकी धूड तिथेच राहणार. वहिनींनी शेजारी उभं राहून बोल्ट सोडायला शिकून घेतलं, माझ्यापेक्षा नीट सोडतात.

९ जुलै
पंचगंगा इशारा पातळीकडे. गल्लीच्या तोंडाला पाणी. मिरची, डबे, गॅस, कपाट वर आणलं. सौ. आणि वहिनी जिन्यावर, मी खाली. मोटर वहिनींनी आणि मी काढून वर नेली.

कंपनीकडून अजून काही नाही. संजू दिवसभर फोन करतोय, तिकडे कुणी उचलत नाही. मी चिडून म्हटलं, झाकलं असतं तर बरं झालं असतं. वहिनी म्हणाल्या, "तवाबी हेच्यावर विमा नसताच की. नुसती चादर असती."

बोर्ड कालच वाळलाय. लाल अक्षरं, जरा तिरकी आलीत. म्हटलं, पाणी ओसरल्यावर लावू. नको म्हणाल्या, आत्ताच लावा. स्टूल घेऊन बाहेर गेलो. मागच्या पुराची खूण बाहेरच्या भिंतीवरही आहे, माझ्या खांद्याशी. विचारलं, "वहिनी, कुठं ठोकू?"

छत्री धरून उभ्या होत्या. खुणेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"खुणेच्या वर ठोका."

ठोकला. पाणी आमच्यापासून तिसऱ्या घरापर्यंत आलंय.